ओपनिंग संपली, आता पुढे काय? नवशिक्या बुद्धिबळपटूने योजना कशी आखावी

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही कोपरीत राहता, नोकरीसाठी रोज वाशीला जाता, वर्षभरापूर्वी बुद्धिबळ शिकायला सुरुवात केली आणि ऑनलाइन रॅपिडमधले तुमचे रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) बरेच महिने ९५० च्या आसपास घुटमळते आहे. इटालियन ओपनिंगच्या, म्हणजे डाव सुरू करण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीच्या, पहिल्या सहा-सात चाली तुम्हाला पाठ आहेत, मोहरी बाहेर निघतात, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करणे) होते, आणि मग तुमच्याच शब्दांत, ‘पटाकडे नुसते बघत बसतो आणि शेवटी कुठलेतरी प्यादे एक घर पुढे सरकवतो’. मोठे खेळाडू दहा-पंधरा चाली पुढचे पाहतात तसे पाहायला कसे शिकायचे, त्यासाठी आणखी ओपनिंग पाठ कराव्यात का आणि इंजिनची, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक प्रोग्रामची, मदत किती घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. ठाण्यात मी अनेक वर्षे शाळकरी मुलांना आणि नोकरदार मंडळींना बुद्धिबळ शिकवतो. उशिरा खेळू लागलेल्या बहुतेक प्रौढांची गाडी नेमकी इथेच अडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. ‘मी इथे गेलो तर तो तिथे जाईल, मग मी मारीन, मग तो मारेल’ हा हिशोब म्हणजे गणना. योजना म्हणजे आपल्याला पटावर कोणती परिस्थिती हवी आहे हे ठरवणे. वाशीला जायचे हे नक्की असेल तरच ठाणे स्टेशनवर ९ नंबरचा फलाट की १० नंबरचा, या विचाराला अर्थ असतो. कुठे जायचे तेच ठरलेले नसेल तर फलाटांची कितीही माहिती असून उपयोग नाही. तुमची अडचण गणनेची नसून गंतव्याची आहे. दहा-पंधरा चाली पुढचे पाहण्याचा प्रकार ज्या स्थितीत शह आणि मारामारी यांची सक्तीची साखळी असते तिथे होतो, किंवा एंडगेममध्ये, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात. शांत स्थितीत ग्रँडमास्टरसुद्धा बहुधा तीन-चार चालींपुरताच हेतू धरतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चालीनंतर तो तपासून घेतात. तेव्हा आपल्याला लांबचे दिसत नाही ही खंत तुम्ही मनातून काढून टाकावी. तीन चालींचा हेतू धरणे हे ९५० रेटिंगच्या माणसाला पूर्णपणे जमण्यासारखे काम आहे.

मात्र काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच तपासाव्या लागतील. तुमचे अलीकडचे वीसेक हरलेले डाव काढा आणि प्रत्येक डाव कोणत्या चालीवर हातातून गेला ते पाहा. या पातळीवर बहुतेक डावांत एखादे मोहरे फुकट गेलेले असते, किंवा घोड्याने राजा आणि वजीर यांना एकदम धरलेले असते, किंवा शेवटच्या रांगेवर मात झालेली असते. तुमच्या डावांतही तेच दिसले तर योजनेचा अभ्यास थांबवू नका, पण प्रत्येक चालीपूर्वी समोरच्याला कोणते शह उपलब्ध आहेत, तो काय मारू शकतो आणि त्याच्या शेवटच्या चालीचा धाक काय आहे हे पाहण्याची सवय आधी अंगी बाणवा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधही आहे. हेतूशिवाय खेळलेल्या चालींमुळे मोहरी पटभर विखुरतात, त्यांना एकमेकांचा आधार राहत नाही, आणि आधार नसलेली मोहरीच फुकट जातात. एका हेतूसाठी एकत्र आलेली मोहरी आपोआप एकमेकांना राखतात, हे मी वर्गात वारंवार पाहिले आहे.

दुसरी बाब वेळेची. लोकलमध्ये उभ्या उभ्या पाच-पाच मिनिटांचे डाव खेळता, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या नियमांनुसार प्रत्येकी १० मिनिटे किंवा त्याहून कमी वेळेचा डाव ब्लिट्झ, १० मिनिटांपेक्षा जास्त आणि ६० मिनिटांपेक्षा कमी वेळेचा रॅपिड, आणि त्यापुढे क्लासिकल. ब्लिट्झमध्ये माणूस जे आधीच जाणतो तेच वापरतो. नवे काही रुजायला त्यात सवड नसते. योजना शिकायची असेल तर आठवड्यातून दोनच डाव खेळा, पण प्रत्येकी ३० मिनिटांचे आणि घरी टेबलावर बसून. ठाणे ते वाशी या साधारण अर्ध्या तासाच्या प्रवासात दोन-तीन चालींची कोडी सोडवा. त्या कामाला लोकल उत्तम आहे, कारण कोडे अर्धवट सोडले तरी काही बिघडत नाही.

आता मूळ विषय. योजना सुचण्याची वाट पाहायची नसते, ती पटावरून वाचायची असते, आणि वाचायला सुरुवात प्याद्यांपासून करायची असते. अठराव्या शतकातले फ्रेंच खेळाडू फिलिदोर यांनी प्यादी हा या खेळाचा प्राण मानला आणि १८८६ साली पहिले अधिकृत जगज्जेते झालेले स्टाइनिट्झ यांनी पुढे स्थितीतल्या लहान लहान फायद्यांवर डाव उभा करण्याची पद्धत घालून दिली. प्याद्यांना एवढे महत्त्व असण्याचे कारण साधे आहे. घोडा, उंट, हत्ती चुकीच्या घरात गेले तर परत येऊ शकतात. प्यादे कधीच मागे येत नाही. त्यामुळे प्याद्यांची मांडणी हा पटावरचा सर्वांत टिकाऊ भाग असतो. कोणती पट्टी (उभी रांग) उघडी, म्हणजे प्याद्यांवाचून मोकळी, आहे, कोणत्या घरावर प्रतिस्पर्ध्याचे प्यादे आता कधीच मारा करू शकणार नाही, कोणते प्यादे शेजाऱ्यांच्या आधारावाचून एकटे पडले आहे, या सगळ्याची उत्तरे तिथे असतात. ‘कुठलेतरी प्यादे एक घर पुढे सरकवतो’ ही तुमची सवय म्हणूनच सर्वांत महाग पडते. सुचत नसताना तुम्ही नेमकी परत न घेता येणारी चाल खेळता.

तुमच्याच ओपनिंगवर हे करून पाहू. समोर खरा पट मांडून वाचलेत तर अधिक उपयोग होईल. ए ते एच ही उभ्या पट्ट्यांची नावे, १ ते ८ हे पांढऱ्याच्या बाजूने मोजलेल्या आडव्या रांगांचे क्रमांक, आणि मोहऱ्याचे नाव नसेल ती चाल प्याद्याची. ई४ ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४, उंट सी५, डी३, घोडा एफ६, सी३, डी६ आणि मग दोघांचेही राजाच्या बाजूला कॅसलिंग. सातवी चाल पांढऱ्याची. तुमची ‘पाठ’ बहुधा इथेच संपते.

या स्थितीत माझे विद्यार्थी सर्वांत जास्त वेळा घोडा जी५ खेळतात. एफ७ च्या प्याद्यावर उंट आणि घोडा दोघांचा मारा होतो, म्हणून चाल जोरकस वाटते. पण त्या प्याद्याला काळ्याचा राजा आणि हत्ती दोघांचाही आधार आहे. तिथे मारामारी केली तर उंट आणि घोडा देऊन हत्ती आणि एक प्यादे मिळते, आणि डावाच्या या टप्प्यावर दोन कामाची मोहरी ही हत्तीपेक्षा सहसा भारी ठरतात. मारामारी नाही केली तर काळा एच६ खेळतो आणि घोडा आल्या वाटेने परत जातो. ‘समोरच्याला दिसले नाही तर बरे’ एवढाच आधार या चालीला आहे, म्हणून मी तिला योजना म्हणत नाही.

त्याऐवजी स्वतःला विचारा, माझे सर्वांत निकामी मोहरे कोणते? सोव्हिएत काळातले बाकूचे मास्टर आणि प्रशिक्षक व्लादिमीर मकोगोनोव यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो: काही करण्यासारखे दिसत नसेल तेव्हा सर्वांत वाईट जागी असलेले मोहरे शोधा आणि त्याला चांगली जागा द्या. नवशिक्यासाठी याहून उपयुक्त नियम मला माहीत नाही, आणि शांत स्थितीत तो क्वचितच दगा देतो. आपल्या पटावर हे मोहरे म्हणजे बी१ चा घोडा. त्याचे नेहमीचे घर सी३, पण तिथे आपण स्वतःच प्यादे ठेवले आहे. म्हणजे डी२ हे त्याचे पहिले ठिकाण झाले, पण तिथे तो कायम राहिला तर सी१ च्या उंटाची वाट अडते. पुढे कुठे? हत्ती एफ१ वरून ई१ वर गेला की एफ१ चे घर मोकळे होते. तिथून घोडा जी३ वर, आणि संधी मिळताच एफ५ वर. डी२, एफ१, जी३ अशा तीन चाली, चौथ्या चालीला एफ५. तिथे बसलेला घोडा जी७ आणि एच६ या घरांवर नजर ठेवतो, म्हणजे काळ्या राजाच्या अगदी अंगणात येतो. काळ्याने उंटाने तो मारला तर आपले ई४ चे प्यादे एफ५ वर येते आणि ई-पट्टी आपल्या हत्तीसाठी अर्धी उघडते, म्हणजे तिच्यावर आपले प्यादे उरत नाही.

एका घोड्याचा विचार करताना हत्तीलाही काम मिळाले, हे लक्षात घ्या. आता प्याद्यांकडे पाहा. सी३ चे प्यादे आपण घोड्याचे घर अडवायला ठेवलेले नाही; ते डी४ ला टेकू देण्यासाठी आहे. या मांडणीत केंद्र फोडण्याची पांढऱ्याची मुख्य चाल डी४ हीच आहे. काळ्याने तिथे मारले आणि आपण सी-प्याद्याने परत मारले, की सी५ वर बसलेल्या उंटाला उठावे लागते आणि आपली दोन प्यादी शेजारी शेजारी केंद्रात उभी राहतात. मग ती लगेच का खेळू नये? कारण डी३ चे प्यादे पुढे गेले की ई४ च्या प्याद्याचा आधार जातो आणि एफ६ चा घोडा त्याच्याकडे बघतच बसलेला आहे. म्हणून आधी हत्ती ई१ वर, घोडा डी२ वर किंवा पुढे जी३ वर, आणि ई४ ला पुरेसा आधार मिळाल्यावर डी४. आता तुमच्याकडे चार-पाच चालींचा क्रम तयार आहे, त्यातल्या प्रत्येक चालीचे कारण तुम्हाला सांगता येते, आणि यात पंधरा चाली पुढचे काहीही पाहावे लागलेले नाही.

इथे बहुतेक नवशिके आनंदाने हत्ती ई१ वर ठेवतात, आणि योजना शिकण्यातला दुसरा अर्धा भाग इथेच सुरू होतो. हत्ती एफ१ वर असेपर्यंत एफ२ च्या प्याद्याला राजा आणि हत्ती दोघांचा आधार असतो. हत्ती सरकला की उरतो फक्त राजा. काळा लगेच घोडा जी४ खेळू शकतो. आता एफ२ वर सी५ चा उंट आणि जी४ चा घोडा दोघांचा मारा आहे. घोड्याला हाकलण्यासाठी तुम्ही एच३ खेळलात तर उंट एफ२ चे प्यादे मारून शह देतो, ई१ चा हत्तीही त्याच उंटाच्या माऱ्यात येतो आणि पाठीशी घोडा असल्यामुळे राजाला तो उंट मारता येत नाही. त्यामुळे हत्ती ई२ वर आणून पहारा द्यावा लागतो. डाव हरला असे मुळीच नाही, पण घोड्याला एफ१ वर आणण्याचा बेत लांबला. हेच काम सातव्या चालीला एच३ खेळून टाळता येते: जी४ चे घर काळ्याच्या घोड्याला आणि उंटाला दोघांनाही बंद होते, आणि मग हत्ती ई१, घोडा डी२, एफ१, जी३ हा क्रम निवांत चालतो. तुम्ही जे ‘कुठलेतरी प्यादे’ सरकवता त्यात एच३ सुद्धा असेल. चाल तीच आहे, पण आता ती का खेळायची हे तुम्हाला माहीत आहे, आणि ज्या डावात जी४ वर येणारे कोणी नाही तिथे ती खेळण्याचे कारण नाही हेही तुम्हाला कळेल.

याचा अर्थ असा की आपल्या हेतूची पहिली चाल खेळण्यापूर्वी समोरच्याचा हेतूही वाचायचा. त्याची पद्धत तीच. त्याचे सर्वांत निकामी मोहरे कोणते आणि ते कुठे जाऊ पाहते? वरच्या स्थितीत काळ्याचा सी६ चा घोडा ई७ मार्गे जी६ वर येऊन आपल्यासारखाच राजाच्या बाजूला वळू शकतो, किंवा ए५ वर जाऊन आपल्या सी४ च्या उंटाला पकडू पाहतो. तो ए५ वर आला तर उंट बी५ वर न्या. काळ्याने ए६ खेळले तर ए४ वर, मग बी५ खेळले तर सी२ वर. उंट वाचतो, सी२ वरून ई४ च्या प्याद्याच्या पाठीशी उभा राहतो आणि काळ्याचा घोडा मात्र पटाच्या कडेला अडकून बसतो. समोरच्याच्या जागी बसून पट पाहण्यासाठी मी मुलांना खरोखरच उठून टेबलाच्या पलीकडे जायला सांगतो. मोबाइलवर पट फिरवण्याचे बटण असते, विश्लेषण करताना ते जरूर वापरा. एरवी ध्यानात न येणाऱ्या लांबच्या उंटाच्या चाली पलीकडून चटकन दिसतात.

थोडक्यात आतापर्यंतचा क्रम असा झाला: आधी धोका तपासा, मग प्यादी वाचा, मग निकामी मोहरे शोधून त्याला घर द्या, आणि पाऊल टाकण्यापूर्वी समोरच्याला काय हवे आहे ते पाहा. सुरुवातीला यासाठी दोन-तीन मिनिटे लागतील. ती प्रत्येक चालीला खर्चायची नाहीत. ओपनिंग संपल्यावर एकदा आणि त्यानंतर प्याद्यांची मांडणी बदलेल तेव्हा पुन्हा, एवढे पुरे.

प्याद्यांची मांडणी बदलली की योजना बदलते, हे नीट पटावे म्हणून दुसरे एक उदाहरण देतो. वजिराचा गॅम्बिट या दुसऱ्या ओपनिंगच्या एक्सचेंज प्रकारात, म्हणजे केंद्रातली प्यादी लवकर मारली जातात त्या प्रकारात, डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३, घोडा एफ६ आणि मग पांढऱ्याचे सी-प्यादे डी५ वर मारते, काळा ई-प्याद्याने परत मारतो. काही चालींनंतर पांढऱ्याची प्यादी डी४, ई३ वर आणि काळ्याची डी५, सी६ वर स्थिरावतात. वजिराच्या बाजूला आता पांढऱ्याची दोन प्यादी आहेत, ए आणि बी. काळ्याची तीन, ए, बी आणि सी. संख्या कमी असलेल्या बाजूने हल्ला करायचा, हे ऐकायला उलटे वाटते, पण पांढऱ्याची प्रसिद्ध योजना तीच आहे. हत्ती बी१ वर, मग बी४, गरज पडल्यास ए४, आणि बी५. काळ्याने बी५ वर सी-प्याद्याने मारले तर त्याचे डी५ चे प्यादे एकटे पडते. त्याने न मारता आपल्याला सी६ वर मारू दिले आणि बी-प्याद्याने परत घेतले, तर सी६ चे प्यादे मागे राहते, त्याला राखायला शेजारी दुसरे प्यादे नसते, आणि समोर सी-पट्टीवर आपले हत्ती उभे राहतात. दोन प्यादी वापरून आपण तिसऱ्याला कायमचे दुबळे केले. काळाही हात बांधून बसत नाही. ई-पट्टी त्याच्यासाठी अर्धी उघडी आहे, म्हणून तो हत्ती ई८ वर आणि घोडा ई४ वर आणून राजावर चाल करतो. दोघांपैकी कोणाची योजना आधी फळाला येते यावर तो डाव ठरतो.

इटालियनमधला घोड्याचा प्रवास आणि इथला बी-प्याद्याचा मोर्चा, दोन्ही योजना चांगल्या आहेत, पण त्यांची अदलाबदल केली तर दोन्ही निरर्थक होतात. म्हणून ‘मध्यडावात नेहमी काय करावे’ याचे एकच उत्तर मी देऊ शकत नाही, आणि कोणी ते देत असेल तर सावधपणे ऐका.

मोहऱ्यांची अदलाबदल हा या पातळीवर सर्वांत दुर्लक्षित विषय आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. मारता येते म्हणून मारायचे, ही सवय जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला असते. दर वेळी विचारायला हवे ते एवढेच: ही दोन मोहरी गेल्यावर पटावर जे उरेल ते कोणाच्या हिताचे आहे? आपल्याकडे मोहरे किंवा प्यादे जास्त असेल तर साधारणपणे मोहरी कमी करत जावे. आपल्याला जागा कमी असेल तरी अदलाबदल मदतीला येते. आपण राजावर हल्ला करत असू तर सहसा टाळावी. पण हे ‘साधारणपणे’ किती जपून वापरावे लागते याचे उदाहरण अवघ्या जगाने पाहिले आहे. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातील जागतिक अजिंक्यपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव झाला. दोघांचे गुण साडेसहा-साडेसहा असे समान होते. गुकेश काळी मोहरी घेऊन खेळत होता, त्याच्याकडे एक प्यादे जास्त होते, तरीही स्थिती बरोबरीकडेच झुकलेली होती. ५५ व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेऊन हत्तींची अदलाबदल पुढे केली. मोहरी कमी झाली की बरोबरी सोपी, हा त्यामागचा समजण्यासारखा विचार. पण त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. हत्ती गेल्यावर गुकेशने उंट डी५ वर आणला, आणि उंटांची अदलाबदल टाळायला डिंगकडे वाट उरली नाही. उरला तो राजे आणि प्याद्यांचा एंडगेम, आणि त्यात ते एक जादा प्यादे निर्णायक ठरले. अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. जगज्जेत्या खेळाडूच्या हातून काही तासांच्या ताणाखाली जे निसटू शकते ते आपल्या हातून निसटणारच, यात नवल नाही. पण ‘यानंतर काय उरेल’ हा प्रश्न विचारण्याची सवय ९५० रेटिंगलाही लावता येते. त्यासाठी राजा आणि एका प्याद्याचे मूलभूत एंडगेम पक्के करा. कोणते एंडगेम जिंकतात आणि कोणते बरोबरीत सुटतात हे माहीत नसेल तर अदलाबदल करावी की नाही हे कसे ठरवणार? माझ्या वर्गात एंडगेम मी ओपनिंगच्या आधी घेतो. पालक कधीकधी नाराज होतात, पण योजनेला शेवटचे टोक तिथेच मिळते.

योजना कधी सोडायची, हेही विचारण्याजोगे आहे. समोरच्याने तुमच्या हेतूला अडवणारी चाल खेळली तर हट्टाने पुढे जाऊ नका, पण घाबरून सगळे मोडूही नका; त्या चालीने त्याने दुसरीकडे काय सोडले ते पाहा. समजा तुमचा घोडा जी३ वर आल्यावर, तो एफ५ वर येऊ नये म्हणून काळ्याने जी६ खेळले. एफ५ चे घर बंद झाले खरे, पण एच६ आणि एफ६ या घरांवर आता जी-प्याद्याचा पहारा उरला नाही. सी१ च्या उंटाला एच६ वर येण्याचा विचार तेव्हा प्रथमच सुचायला हवा. समोरच्याने गंभीर चूक केली, एखादे मोहरे उघडे टाकले, तर योजना बाजूला ठेवून ते आधी घ्या. हे सांगायची गरज वाटू नये, परंतु आपल्या घोड्याच्या प्रवासात गुंग झालेले आणि समोरचा फुकटचा हत्ती न दिसलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

सरावाची रीत अशी ठेवा. ३० मिनिटांच्या डावात चाली कागदावर लिहा आणि ओपनिंग संपल्यावर समासात एक वाक्य लिहा: ‘घोडा जी३ वर न्यायचा आहे, मग डी४.’ हेतू बदलला की नवे वाक्य. फक्त सरावाच्या डावातच हे करा. फिडेच्या नियमांखालील स्पर्धेत चाली, घड्याळातील वेळ, बरोबरीचा प्रस्ताव आणि दाव्यासंबंधीची नोंद यांपलीकडे कागदावर टिपणे काढण्यास परवानगी नसते, आणि ऑनलाइन मानांकित डावातही हा मोह टाळावा. डाव संपल्यावर ती वाक्ये वाचून पाहा. माझ्या अनुभवात पहिले काही आठवडे लोकांना एक गोष्ट ठळकपणे दिसते: वाक्य लिहून झाल्यावर दोनच चालींत ते ते विसरलेले असतात. हे कळणे हाच मोठा फायदा आहे, कारण चुकीच्या योजनेपेक्षा अर्धवट सोडलेल्या तीन योजना जास्त नुकसान करतात.

इंजिन सर्वांत शेवटी उघडा. आधी स्वतः डाव पाहा, कोणत्या चालीला काय वाटत होते ते आठवा, आणि मग इंजिनला फक्त दोन-तीन जागा विचारा. इंजिन चाल सांगते, कारण सांगत नाही. त्याने सुचवलेली चाल तुम्हाला कळली नाही तर ती न खेळता तुम्ही खेळलेली चाल खेळून पाहा आणि समोरून काय उत्तर येते ते बघा. बहुतेक वेळा कारण त्या उत्तरात सापडते. इंजिन दोन चालींत दाखवते त्या पाव-अर्ध्या प्याद्याएवढ्या फरकावर या पातळीवर वेळ घालवू नका.

नव्या ओपनिंग पाठ कराव्यात का, या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे, निदान पुढचे सहा महिने. पांढऱ्याकडून इटालियन, काळ्याकडून ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५, एवढ्यावरच राहा. त्याच त्या प्याद्यांच्या मांडण्या पुन्हा पुन्हा समोर आल्या तरच त्यांतले घोड्याचे रस्ते, डी४ ची योग्य वेळ, एफ२ ची नाजूक जागा या गोष्टी अंगवळणी पडतात. दर आठवड्याला ओपनिंग बदलणारा माणूस दर वेळी अनोळखी पटासमोर बसतो. त्याच मांडणीतले नामवंत खेळाडूंचे पाच-सहा जुने डाव मिळवा आणि सातव्या चालीनंतर पुढची चाल झाकून ठेवून स्वतः ओळखायचा प्रयत्न करा. उत्तर चुकले तरी चालेल, पण ओळखण्यापूर्वी ‘का’ हे तोंडाने म्हणा.

महिनाभर एवढे करून समासातल्या वाक्यांसह एखादा हरलेला डाव इथे टाका. हेतू कोणत्या चालीला बदलायला हवा होता ते त्या डावावरच दाखवून देईन.